तळाची चिठ्ठी

मुलांनो,

गेल्या रविवारी तुमच्यातल्या थोरलीनं मला तिचं काम दाखवलं. मी इथे नगरला पलंगावर बसलेली, ती तिकडे तिच्या खोलीत, आणि तिच्या संगणकाचा पडदा माझ्या पडद्यावर. नकाशे काढायचा कसलासा प्रोग्राम ती लिहिते आहे. तिनं एक बटण दाबलं आणि खिडकी फिकट पडली. मग तिनं कुठेही क्लिक केलं तरी काही हलेना.

"बिघडलं वाटतं," मी म्हणाले.

"बिघडलं नाही गं आज्जी, अडकलंय. इव्हेंट क्यू तुंबलीय."

मी अर्थ विचारला. तिनं शांतपणे सांगितला. माउस हलला, बटण दाबलं, अक्षर टाइप केलं, की प्रत्येक वेळी एक घटना तयार होते. त्या सगळ्या घटना एका रांगेत उभ्या राहतात. प्रोग्राम रांगेतली पहिली घटना उचलतो, तिचं काम करतो आणि लगेच परत रांगेकडे येतो. एका सेकंदात कितीतरी वेळा. म्हणून आपल्याला वाटतं की पडदा आपलं सगळं एकदमच ऐकतो आहे. "आणि मी या बटणाला फार लांबचं काम दिलं. तो गेला, तो परत आलाच नाही. बाकीचे क्लिक बिचारे उभे आहेत."

"शटरं पडून राहिली म्हण की," मी म्हणाले. "मोठ्या बाईंनी तुझा कान धरला असता."

"कोण मोठ्या बाई?"

तेव्हा तिला ऑफिसची मीटिंग होती म्हणून सांगायचं राहिलं. आता सगळ्यांसाठी नीट लिहून ठेवते.

एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. माझे वडील कचेरीत कारकून होते आणि त्यांचं म्हणणं, शिकलीस तर चार दिवस नोकरीही कर. राहुरी आणि सोनईच्या मधल्या एका मोठ्या गावात टेलिफोन एक्सचेंज होतं, तिथे मी ऑपरेटर म्हणून लागले. एक्सचेंज म्हणजे कौलारू इमारतीतली एक खोली. दाराशी लोकांना बसायला बाक, कोपऱ्यात फोन करायला लाकडी केबिन, आणि समोरच्या भिंतीला बोर्ड.

तो बोर्ड मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा देव्हाऱ्यासमोर उभं राहावं तशी उभी राहिले. माणसापेक्षा उंच, काळपट सागवानी. त्यावर पन्नास बारीक पत्र्याच्या झडपा, प्रत्येकीखाली एक आकडा आणि एक भोक. झडपेला आम्ही शटर म्हणायचो. गावात कुणीही आपल्या फोनचं हँडल फिरवलं की त्याच्या आकड्याचं शटर टक् करून खाली पडायचं. म्हणजे कुणीतरी बोलावतंय. मग त्या भोकात दोरीचा प्लग घालायचा, "नंबर प्लीज" विचारायचं, दुसऱ्या दोरीनं दुसरा आकडा जोडायचा. आडत दुकानं, दवाखाना, पोलीस चौकी, साखर कारखान्याचं ऑफिस, दोन-तीन बागायतदार ज्यांच्याकडे मुळेच्या कालव्याचं पाणी नुकतंच पोचलं होतं. अख्खा गाव त्या भिंतीवर मांडलेला होता, आणि त्याच्यासमोर खुर्ची एक.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या वरिष्ठ ऑपरेटर. पन्नाशीच्या, नऊवारी नेसणाऱ्या, एका कानावर कानफोन आणि दुसऱ्या कानात बुगडी. त्यांना बोर्डाकडे बघावंही लागत नसे. माझ्याशी बोलता बोलता त्यांचा हात मागे जायचा आणि नेमकं पडलेलं शटर उचलायचा. एकदा मी मोजायचा प्रयत्न केला, पण त्या एका वेळी किती माणसांशी बोलत होत्या ते मला कळेना. मग लक्षात आलं की त्या एका वेळी एकाशीच बोलत होत्या, पण कुणापाशीही थांबत नव्हत्या. गावातल्या प्रत्येकाला वाटायचं, बाई आपल्यासाठीच बसल्या आहेत.

पहिल्याच आठवड्यात मी मार खाल्ला, शब्दांचा. एक निवृत्त मास्तर फोन करून किती वाजले ते विचारायचे. मी वेळ सांगितली. मग त्यांनी मला गुडघ्याचं दुखणं सांगायला सुरुवात केली. वडीलधारा माणूस, मध्येच कसं तोडायचं? मी "हो का, अरेरे" करत बसले. मान वर केली तर सात शटरं पडलेली.

मोठ्या बाई मागून आल्या आणि प्लग उपटला. "अगं, ऐक, जोड, सोड! त्यांच्या गुडघ्याला तेल तू लावणार आहेस का?"

"पण ते बोलत होते..."

"बोलू दे की. त्यांना त्यांच्या जावयाशी जोडून दे, तो ऐकेल. तू एकापाशी रमलीस की बाकीच्या एकोणपन्नास जणांना वाटतं गावच मेला."

ऐक, जोड, सोड. थोरली म्हणाली ते हेच.

बाहेरगावचा फोन म्हणजे ट्रंक कॉल, त्याची तऱ्हा वेगळी. आमच्या गावातून नगरला एकच तार जात होती. मुंबई असो, पुणे असो, सगळं नगरमार्गे. माणूस यायचा किंवा फोनवरून सांगायचा, मी चिठ्ठी लिहायची: वेळ, कुठला नंबर, कोणाला बोलवायचं. नगरचा ऑपरेटर मोकळा झाला की आम्हाला हाक मारायचा, आम्ही त्याला दोन-तीन चिठ्ठ्या वाचून दाखवायचो. तो पुढे मुंबईच्या मागे लागायचा आणि लाइन मिळाली की आमचं शटर पाडायचा. कधी तासाभरात, कधी दिवस मावळेपर्यंत.

चिठ्ठ्या ठेवायला मोठ्या बाईंकडे एक लांबट, अरुंद लाकडी खोकं होतं. नवी चिठ्ठी मागे खोचायची, पुढची काढायची. खोकं जुनं, एक बाजू सुटलेली. पंखा लावला की चिठ्ठ्या उडायच्या, मग बाई वर गोल दगड ठेवायच्या. मला ते बघवत नसे. तुम्हाला माझं घर माहीत आहे. माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यासुद्धा एका रेषेत असतात.

आमच्या वडिलांच्या टेबलावर एक खिळा होता. लाकडी ठोकळ्यावर उभा केलेला, टोकदार, पितळी. कचेरीतला प्रत्येक कागद ते त्यावर खचकन् टोचून ठेवायचे. एक कागद उडायचा नाही, एक कोपरा इकडचा तिकडे नाही. त्यांच्याकडे जास्तीचा एक होता. तो मी मागून घेतला, रात्री चिंचेनं घासला आणि शनिवारी सकाळी एक्सचेंजमध्ये नेऊन खोक्याच्या जागी ठेवला. मोठ्या बाई त्या दिवशी दुपारी बाराला येणार होत्या. त्या येऊन बघतील आणि म्हणतील, पोरीला शिस्त आहे. अशी माझी कल्पना.

नवाला एक बाई आल्या. पंचेचाळीसेक वर्षांच्या, उन्हानं रापलेल्या, पायांवर धूळ. शिंगणापूरहून सोनईपर्यंत चालत, सोनईहून एस.टी.नं. पदराच्या गाठीतून त्यांनी एक पत्र काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"बाई, ह्यात लंबर हाय. मुंबईचा. पोराशी बोलायचं हाय."

पत्र गावातल्या गुरुजींनी त्यांना वाचून दाखवलं होतं. मुलगा बोटीवर लागला होता, इंजिनघरात तेलपाण्याचं काम, दीड वर्ष परत येणार नव्हता. खोलीखालच्या दुकानातला फोन नंबर कोपऱ्यात लिहिला होता. शेवटी एवढंच: शनिवारी तीनपर्यंत खोलीवर आहे, मग गोदीत.

"तीनच्या आत व्हईल ना?"

मी घड्याळाकडे बघून म्हणाले, "मावशी, आत्ता नऊ वाजताहेत. अकरापर्यंत मिळेल." आणि चिठ्ठी लिहून नव्याकोऱ्या खिळ्यावर खचकन् टोचली. दिवसाची पहिली चिठ्ठी. फार सुबक दिसली.

मावशी बाकावर बसल्या. शटरांच्या मधल्या उसंतीत त्यांनी मला तुकड्यातुकड्यानं सांगितलं. मुलाला समुद्रावर जायचं होतं, यांना नको होतं. "पानी म्हंजे काय आमाला ठाव हाय व्हय? आमी हिरीतलं बघितलेलं." भांडण झालं. तो पिशवी घेऊन उंबऱ्याशी आला आणि म्हणाला, "आये, येतो." आणि यांनी तोंड फिरवून म्हटलं, "जा."



तुम्ही तिकडे वाढलात म्हणून सांगते. आपल्याकडे घरातून निघणारा माणूस "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. आणि घरातलं माणूस त्याला "जा" म्हणत नाही, "जाऊन ये" म्हणतं, नाहीतर नुसतंच "ये". स्मशानात नेतात त्यालाच "जा" म्हणायचं. मी फोन ठेवताना तुम्हाला "या हं" म्हणते आणि तुम्ही हसता, "आज्जी, आम्ही कुठे येतोय!" ते यासाठी.

"त्यो शबूद माज्या तोंडातनं गेला," मावशी म्हणाल्या. "त्यो घिऊन त्यानं पान्यावर जाऊ नये. मला त्यो माघारी घ्यायचाय. एवढंच हाय काम."

मी म्हटलं, होईल मावशी, आणि पडलेलं शटर उचललं.

शनिवार, बाजाराचा दिवस. आडतवाले पुण्याला भाव विचारणार, कारखान्याचं ऑफिस श्रीरामपूरला, दवाखाना नगरला. नगरच्यानं साडेनवाला पहिली हाक मारली तेव्हा खिळ्यावर सहा चिठ्ठ्या झाल्या होत्या. मी वरची काढून वाचली, तिच्याखालची वाचली, तिच्याखालची. "बस ताई, तीन पुरे," तो म्हणाला. मग आणखी चार आल्या, खचकन्, खचकन्. त्याची हाक आली, मी वरच्या तीन वाचल्या. हात आपोआप चालत होता. मला अभिमान वाटत होता की आज एकही कागद उडाला नाही.

अकरा वाजून गेले. मावशी तक्रार करेनात. मी म्हटलं, "वेळ लागतोय हं जरा." त्या समजुतीनं म्हणाल्या, "मुंबई लांब हाय बाई. एवढं तारंवरनं जायाचं, येळ लागनारच." त्यांना वाटत होतं, त्यांचा फोन सकाळीच निघाला आहे आणि वाटेत कुठेतरी आहे.

बाराला मोठ्या बाई आल्या. चपला काढल्या, पाणी प्यायल्या, बाकाकडे बघितलं, मग खिळ्याकडे.

"हे काय?"

"खिळा. वडिलांचा. चिठ्ठ्या उडत होत्या ना," मी म्हणाले, आणि शाबासकीची वाट बघत राहिले.

"ह्या मावशी कधीपासून बसल्यात?"

"नऊपासून."

"त्यांची चिठ्ठी कुठाय?"

मी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी मला कळलं.  मोठ्या बाईंनी काही न बोलता खिळ्यावरून चिठ्ठ्या उपसल्या, एक, दोन, आठ, अकरा. सगळ्यात तळाशी, ठोकळ्याला टेकलेली, नऊ वाजताची. जो शेवटी आला तो पहिला गेला होता, आणि जी पहिली आली होती ती, दिवसभर माणसं येत राहिली असती, तर दिवसभर तिथेच राहिली असती.

"तुझ्या वडिलांच्या टेबलावर," मोठ्या बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "खिळ्यावर संपलेले कागद असतात. काम झालेले. ही माणसं अजून संपलेली नाहीत."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

नगरची हाक यायची वाट न बघता त्यांनीच हँडल फिरवलं आणि चिठ्ठी वाचून दाखवली. नगरचा ऑपरेटर भला माणूस. त्याला मी कधी पाहिलं नाही, पण आवाजावरून तो नेहमी पान खाऊन बसलेला असे. "मुंबईला आज गर्दी आहे," तो म्हणाला. "लावतो रांगेत. तीनच्या आत बघतो, शब्द देत नाही."

मावशींना मी खरं सांगितलं. माझ्या चुकीनं तुमची चिठ्ठी खाली राहिली म्हणून. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खिळ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "म्हंजे आजून निगालाच न्हाई व्हय फोन?" आणि परत बाकावर बसल्या. पत्राची घडी उलगडायच्या, परत घालायच्या.

आता माझी दुसरी चूक. पहिली नीटनेटकेपणानं झाली, ही पश्चात्तापानं. एक वाजून गेला तशी मी दर पाच मिनिटांनी नगरला हँडल मारायला लागले. "मिळाली का मुंबई?" "नाही ताई." "आता?" "नाही." गावातली शटरं पडत होती, ती मी कशीबशी उचलत होते, पण जीव सगळा त्या एका तारेवर. सातव्या-आठव्या खेपेला नगरचा उसळला.

"ताई, एक सांगू का? तुम्ही विचारता तेव्हा मी तुम्हाला उत्तर देतो. तेवढा वेळ मी मुंबई मागत नाही. आणि तुम्ही ही तार धरून बसल्यावर मुंबई आलीच, तर मी तुम्हाला हाक कुठल्या तारेवरून मारू?"

मोठ्या बाईंना सगळं ऐकू आलं. "सोड ते," त्या म्हणाल्या.

"पण बाई, दोन वाजत आले."

"म्हणूनच सोड. त्याला मिळाली की तो शटर पाडेल. बाकी शटरांसारखंच तेही एक शटर. तू बोर्डाकडे तोंड करून बस आणि जे पडेल ते उचल. तुझं काम तेवढंच."

मी प्लग काढला. ते मला किती अवघड गेलं ते सांगता येत नाही. तार मोकळी सोडणं म्हणजे मावशींना वाऱ्यावर सोडणं असं वाटत होतं. पण मी बोर्डाकडे तोंड करून बसले. आडतवाला: ऐक, जोड, सोड. चौकी: ऐक, जोड, सोड. मास्तर: "दोन वाजून दहा मिनिटं, आणि जावई जोडते हं." हात मोकळा, कान मोकळा. आणि त्या अर्ध्या तासात मला जे वाटलं ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, कारण वेडेपणा वाटला असता. मला वाटलं की हा सगळा मुलूख, नगर, पुणे, घाट, मुंबई, प्रत्येक ठिकाणी माझ्यासारखं कुणीतरी एका बोर्डासमोर बसलं आहे, एका वेळी एकच शटर उचलतं आहे आणि हातातलं सोडून देतं आहे. कुणीही पुढच्यापर्यंत बघू शकत नाही. आणि तरीही शिंगणापूरच्या या बाईचा एक शब्द त्या सगळ्या हातांतून चालत निघाला आहे. तुमची थोरली पडद्यावरच्या रांगेविषयी सांगत होती तेव्हा मला पुन्हा तेच वाटलं.

तीनला बारा मिनिटं कमी असताना नगरचं शटर पडलं. इतर शटरांसारखंच. टक्.

"ताई, मुंबई. दुकानदार पोराला बोलवायला वर गेलाय. आवाज बारीक आहे, लवकर उरका."

मी मावशींना केबिनमध्ये बसवलं. दार लावायला गेले तर त्यांनी पायानं अडवलं. "दार नगं. आमच्याकडं घराला बी दार न्हाई." मला वाद घालायला वेळ नव्हता. बोर्डाशी येऊन जोडलं.

"हॅलो? कोन?" मुलाचा आवाज. विहिरीच्या तळातून यावा तसा.

"आरं मी! मी हाय!" मावशी केबिनमधून ओरडल्या. त्यांचा आवाज मला दोन कानांनी ऐकू आला, एका कानात तारेतून आणि दुसऱ्यात उघड्या दारातून. मुलाला मात्र काहीच ऐकू गेलं नाही. "कोन बोलतंय? हॅलो?" आणि मावशींना त्याचं काही ऐकू येईना. मध्ये बसलेल्या मला तेवढं दोन्हीकडचं येत होतं. अशा वेळी ऑपरेटरनं निरोप इकडून तिकडे सांगायची पद्धत होती. पण त्याला वेळ लागतो, आणि शटरं पडत होती. तीन पडली होती.

मी मोठ्या बाईंकडे बघितलं. त्यांनी दुसरी खुर्ची ओढली, दुसरा कानफोन घातला. "तू तिच्यापाशी थांब. बोर्ड माझ्याकडे." आणि त्यांचा हात माझ्या समोरून जाऊन शटर उचलू लागला.

मी म्हणाले, स्वच्छ, शिकलेल्या मराठीत, "तुमच्या आई इथे आल्या आहेत. त्यांची तुम्हाला परवानगी आहे. तुम्ही जा, असं त्या म्हणतात."

वेळ वाचवायचा म्हणून मी सारांश केला होता.

 इकडे केबिनमध्ये मावशी उभ्या राहिल्या. माझं बोलणं त्यांना तारेतून लख्ख ऐकू आलं होतं.

"आगं बाई, काय बोललीस हे! त्योच शबूद परत दिलास व्हय त्याला! मी त्यो माघारी घ्यायला आले, आन् तू..." त्यांचा आवाज फुटला. "माजं बोलनं माज्यासारखं सांग. तुज्यासारखं नगं."

तिकडून मुलगा कोरडेपणानं म्हणाला, "ती माजी आई न्हाई. ती असं बोलत न्हाई. कोन हाय तुमी?"

मोठ्या बाई डोळे बोर्डावर ठेवूनच म्हणाल्या, "पोरी, शब्दाला शब्द सांग. आपलं काही घालू नकोस."

मग मावशी एकेक वाक्य बोलत गेल्या आणि मी ते जसंच्या तसं पुढे सरकवत गेले. आमच्या घरात कुणी "हाय" म्हटलं तर वडील सुधारायचे. माझी जीभ अडखळत होती. "आरं ऐक. मी आले हाय. गुरुजींनी कागुद वाचला. तांबडी गाय व्याली, कालवड झाली." हे ऐकल्यावर तिकडे श्वास बदलला. "कवा?" तो म्हणाला. मी मावशींना विचारून सांगितलं, "मंगळवारी." "आये हाय का तिथं खरंच?" "हाय. तिला तुजं ऐकू येत न्हाई. मला येतं."

मावशी आता हळू बोलत होत्या, मला कान द्यावा लागत होता. "त्याला म्हनावं, त्या दिशी उंबऱ्यावर जे बोलले ते मी गिळलं. त्याला म्हनावं," आणि त्या थांबल्या.

"म्हणजे काय सांगू मावशी?"

"म्हनावं, जाऊन ये."

मी म्हणाले, "जाऊन ये."

अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर तार. मी ते दोन शब्द माझ्या तोंडानं उच्चारले आणि मला स्पष्ट जाणवलं की ते माझे नाहीत, माझ्यातून फक्त जात आहेत, दोरीतून जावेत तसे. माझ्या आवाजात दुसऱ्या कुणाची तरी आई बोलत होती. आयुष्यात मी बरंच बोलले, शाळेत पुढे पंधरा वर्षं इंग्रजी शिकवलं, भाषणं केली. पण इतकं मोठं मी पुन्हा कधी बोलले नाही.

 तिकडच्या खरखरीतून तो दोन शब्द म्हणाला. आणि नगरच्यानं मध्येच "वेळ झाली ताई" म्हटलं आणि लाइन गेली.

मावशी केबिनच्या दारात येऊन उभ्या होत्या. "काय म्हनला? नीट सांग. जातो म्हनला का येतो म्हनला?"

"'आये, येतो,' म्हणाला."

"तसंच?"

"तसंच. शब्दाला शब्द."

त्या उंबऱ्याशी टेकल्या, तिथेच खाली. डोळ्यांना पदर लावला नाही, नुसत्या बसल्या. मोठ्या बाईंनी बोर्ड सोडला नाही, पण डाव्या हातानं तांब्या माझ्याकडे सरकवला. मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी पत्राची घडी गाठीत बांधली, उठल्या, पितळी खिळ्याकडे एकदा नजर टाकली.

"चकचकीत हाय," त्या म्हणाल्या. "बरं बाई, येते मी."

"या मावशी," मी म्हणाले.

त्या गेल्यावर मी खिळा पिशवीत घालायला उचलला. मोठ्या बाईंनी पाहिलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "संपलेल्या चिठ्ठ्यांना चांगला आहे. त्याही उडतातच." आणि लाकडी खोकं परत जागेवर ठेवून त्यांनी वर दगड ठेवला.

मी मावशींची चिठ्ठी घेतली. शेवटच्या ओळीत "बोलणे झाले" असं लिहिलं, वेळ घातली, खाली सही केली आणि रिकाम्या खिळ्यावर टोचली. संध्याकाळपर्यंत तिच्यावर बाकीच्या चढत गेल्या. ती पुन्हा तळाशीच राहिली, पण आता तिला कुणाची वाट बघायची नव्हती.